आमच्या सूनबाईंना माशातलं कळतं

सासरे रिटायर झाले त्या संध्याकाळी ऑफिसातल्या दोघांनी टेम्पोतून एक फिश टँक आणून आमच्या डोंबिवलीच्या घरात ठेवला. शाल-श्रीफळ देऊन झालं होतं, भाषणं झाली होती. भिंतीवरचं घड्याळ सगळेच देतात, म्हणून कोणीतरी ही वेगळी भेट सुचवली असावी. चांगली लांबरुंद काचेची पेटी, तळाला पसरायला रंगीत खड्यांची पिशवी, हवा सोडणारा छोटा पंप. शोकेसच्या बाजूला स्टुलावर ठेवल्यावर हॉल एकदम अर्धा झाला.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ह्यात काय ठेवायचं?"

"मासे," सासरे म्हणाले.

"मासे? आपल्या घरात?"

"खायचे नाहीत गं, बघायचे."

मग सासूबाईंनी, सासऱ्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं, तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"आपल्याला काय काळजी?" सासरे हसून म्हणाले. "आमच्या सूनबाईंना माशातलं कळतं."

माझं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. मी ठाण्याच्या कोळीवाड्यातली. नवरा आणि मी ठाण्यातच एका सरकारी ऑफिसात कामाला होतो, तिथेच जमलं. त्याचं घर साताऱ्याकडचं, ब्राह्मण, कांदा-लसूणसुद्धा वार बघून खाणारं. लग्नाला विरोध झाला, पण आरडाओरडा झाला नाही. त्यापेक्षा तो झाला असता तर बरं, असं मला तेव्हा वाटायचं. सासरे माझ्याशी वाईट वागले नाहीत. ते माझ्याशी बोलायचेच नाहीत. "चहा ठेव म्हणावं," असं सासूबाईंना सांगायचे, आणि मी समोर उभी असायचे. वर्षभरात घरात कोणी माझ्या जातीचा उल्लेख केला नव्हता, आणि मीही केला नव्हता. माहेरची गोष्ट निघाली की मी 'ठाण्याला' म्हणायचे. कोळीवाडा हा शब्द मी त्या घरात उच्चारला नव्हता.

आणि आता ते माझ्याकडे बघून हसत होते. माझ्याशी बोलत होते. 'आमच्या सूनबाई' म्हणत होते.

खरं काय होतं ते सांगते. माझे वडील कंपनीत फिटर होते. आमच्या आजोबांचं होडकं मी जन्मायच्या आधीच विकलेलं. खाडीचं पाणी तोवर असं काळं झालेलं की त्यातलं काही कोणी खात नसे. माझी आई, आये म्हणायचो आम्ही तिला, ठाण्याच्या मार्केटात मासे विकायची, पण तिचा माल यायचा मुंबईच्या धक्क्यावरून, बर्फातून. मी दहावीपर्यंत अभ्यासाचं कारण सांगून मार्केटात जायचं टाळायचे. मला पापलेट आणि हलवा यातला फरक कळत होता, तो ताटातला. जिवंत मासा मी पाहिला होता तो तलावात, लोकांनी टाकलेल्या कुरमुऱ्यांवर तोंड उघडणारा.

एवढंच म्हणायचं होतं की बाबा, मला नाही हो कळत. पण मी म्हणाले, "बघू या ना. आधी पाणी मुरवायला लागेल."

'पाणी मुरवायला' हे कुठून आलं तोंडात, देवाला ठाऊक. लोणच्यासारखं. पण सासऱ्यांनी मान डोलावली आणि नवऱ्याला म्हणाले, "बघ. आपल्याला सुचलं असतं का हे?"

दसऱ्याच्या मुहूर्तावर मासे आणायचं ठरलं. दुकान ठाण्याला, तलावपाळीच्या मागच्या गल्लीत. मला तिथे जायचं नव्हतं, कारण तिथून मार्केट चार पावलांवर, आणि आमच्या वाड्यातलं कोणीही भेटलं असतं. मी कल्याणचं एक दुकान सुचवून पाहिलं. "छे, ठाणं तुझं माहेर," सासरे म्हणाले. "तिथले लोक तुला फसवणार नाहीत."

दुकान म्हणजे एक लांबट अंधारी खोली, दोन्ही बाजूंना टाक्या आणि प्रत्येक टाकीत एक दिवा. सासरे दारातच थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. साठीला आलेला माणूस, उभा जन्म फायली तपासण्यात गेलेला, आणि त्या उजेडात त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मला एकदम ते आवडायला लागले. तिथेच माझं सगळं चुकलं असं आज वाटतं. नुसते परके राहिले असते तर खरं बोलणं सोपं गेलं असतं.

"कोणते घ्यायचे, सांग," ते म्हणाले.

मी साडी निवडतात तसे मासे निवडले. आधी केशरी गोल्डफिश, कारण ते सगळ्यांच्या घरी असतात. मग चंदेरी एंजल, लांब झिरझिरीत पंखांचे, देवाला घातलेल्या वस्त्रासारखे. ते फार शांत वाटले, म्हणून जरा हालचाल हवी म्हणून काळ्या पट्ट्यांचे चपळ टायगर बार्ब. आणि एका कोपऱ्यात एक छोटा, काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेला मासा एकटाच काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे माणसासारखे वाटले. "हा ऑस्कर," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, हा पण द्या.

दुकानदार जाळी हातात घेऊन थांबला. "मॅडम, हे सगळे एकाच टाकीत?"

मी काही बोलायच्या आत सासरे पुढे झाले. "अहो, त्या कोळी आहेत," ते म्हणाले, मोठ्यानं, अभिमानानं. "त्यांना शिकवू नका."

दुकानात आणखी दोनतीन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. जो शब्द मी वर्षभर गिळला होता, तो ह्या माणसानं माझ्यासाठी मिरवला. आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण दुकानदारानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं आणि आता त्यानं ते मिटलं होतं. त्यानं खांदे उडवले आणि पिशव्यांत पाणी भरायला लागला.

पहिले काही आठवडे आमच्या घरात सणच होता. सासरे सकाळी पेपर न वाचता टँकसमोर खुर्ची टाकून बसायचे. बिल्डिंगमधले लोक बघायला यायचे, आणि सासरे मला आतून हाक मारायचे. "सूनबाई, जरा सांग यांना."

आणि मी सांगायचे. काय वाटेल ते सांगायचे. एकदा समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी विचारलं, हे मासे सारखे वर येऊन तोंड का उघडतात? मी म्हटलं, त्यांना आता माणसांची ओळख पटलीय, भेटायला येतात. टाकीत गर्दी झालेली, वर लाईट गेली की पंप बंद, त्यांना खाली श्वास पुरत नव्हता. ते मला फार नंतर कळलं. काका मात्र काचेवर बोट ठेवून म्हणाले, "वा, काय प्रेम आहे!"

सासरे संध्याकाळी मी ऑफिसमधून आले की दिवसभरातलं सगळं मला सांगायचे. कोण कुठे बसलं, कोणी किती खाल्लं. सासूबाईंच्या मध्यस्थीची गरज उरली नव्हती. चहा ते माझ्याकडेच मागायचे. एकदा तर म्हणाले, "तू आलीस ते बरं झालं गं." माशांपुरतं म्हणाले की एकूणच, मी विचारलं नाही. ते वाक्य घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगाच भांडी विसळत राहिले.

मग एंजलचे पंख फाटायला लागले. आधी कडेला कातरल्यासारखे, मग लोंबणारे. बार्ब दिवसभर त्यांच्या मागे असायचे, चिमटे काढल्यासारखे तोडायचे, आणि ते बिचारे कोपऱ्यात तोंड घालून उभे राहायचे. मला दिसत होतं. कोणालाही दिसलं असतं. पण सासऱ्यांनी विचारलं, "हे काय होतंय?" तेव्हा मी म्हणाले, "बाबा, पक्ष्यांची पिसं झडतात ना, तसं. नवीन येतात."

ते निर्धास्त झाले. दोन्ही एंजल पाठोपाठ गेले.

मेलेला मासा बाहेर कोणी काढायचा, हा प्रश्नच नव्हता. सासूबाई हॉलमधून निघून गेल्या. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गाळण्यानं तो काढला, कागदात गुंडाळला आणि खाली गुलमोहराच्या मुळाशी पुरला. वर आले तर सासूबाई म्हणाल्या, "आंघोळ करून घे हो." त्यांच्या आवाजात तिरस्कार नव्हता, नुसती सवय होती. मी आंघोळ केली. आमच्या घरी आये संध्याकाळी मार्केटातून आली की आधी न्हायची, मगच आम्हाला जवळ घ्यायची. ते मला त्या बाथरूममध्ये आठवलं आणि मी बराच वेळ पाणी ओतत बसले.

गोल्डफिशही कमी व्हायला लागले. पण ते मरून तरंगायचे नाहीत, नुसतेच नाहीसे व्हायचे. सासरे रोज मोजायचे आणि चक्रावायचे. मी म्हटलं, उडी मारली असेल बाहेर. मग सासूबाई केरसुणी घेऊन सोफ्याखाली, शोकेसमागे शोधायच्या, नाकाला पदर लावून. काही सापडायचं नाही. "मुंग्यांनी नेला असेल," मी म्हणायचे. ह्या सगळ्यात तो नारिंगी ठिपक्यांचा ऑस्कर मात्र दिसामासांनी वाढत होता. सगळ्यांत शहाणा तोच, असं सासरे म्हणायचे. काचेपाशी हात नेला की यायचा, डोळे फिरवून बघायचा. सासूबाईंनीसुद्धा त्याला दाणे टाकायला सुरुवात केली होती.

संक्रांतीनंतर सासूबाईंचं हळदीकुंकू होतं. घरात नवी सून, आणि पहिल्या संक्रांतीला काही केलं नव्हतं, म्हणून दोन मजल्यांवरच्या सगळ्या बायका बोलावलेल्या. मी काळी चंद्रकळा नेसले होते, हलव्याचे दागिने घातले होते. तिळगूळ, अत्तर, वाण, सगळं रीतसर चाललेलं. सासूबाई माझी ओळख करून देताना पहिल्यांदाच नुसतं 'सून' न म्हणता 'आमची सून' म्हणाल्या. बायका टँकभोवती जमल्या. कौतुक चाललं होतं.

तेवढ्यात एक लहान मुलगी ओरडली, "आई, त्यानं त्याला खाल्लं!"

ऑस्करच्या तोंडातून शेवटच्या गोल्डफिशची केशरी शेपटी बाहेर आली होती. ती हलत होती. तो संथपणे, कुठलीही घाई न करता, टाकीत फिरत होता, जणू तोंडात फूल धरलंय. एक घास, मग थांबायचा, मग आणखी थोडं आत. कोणी नजर काढू शकलं नाही आणि कोणी काही करू शकलं नाही. हातात तिळगुळाच्या डिश धरून आम्ही सगळ्या बघत राहिलो, शेपटी दिसेनाशी होईपर्यंत.

"अगंबाई," एक वयस्क बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून हसल्या. "म्हणजे घरात सुरू झालं म्हणायचं."

काय सुरू झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. कोणीतरी हसलं, कोणीतरी खोकलं. सासूबाईंच्या हातातली अत्तरदाणी तशीच राहिली. मी कुंकवाची कोयरी घेऊन उभी होते आणि मला वाटत होतं की सगळ्या बायका टाकी सोडून माझ्या तोंडाकडे बघतायत, तिथेही काहीतरी बाहेर लोंबतंय का ते.

त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. सासूबाईंनी सांगितलं, ही पेटी घरातून जाऊ दे. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि सकाळी मला म्हणाले, "तुझ्या आईंना बोलावू या का?"

मला कळलंच नाही.

"त्यांचा जन्म गेला ह्यात. त्या येऊन बघतील, सांगतील काय चुकतंय. रविवारी जेवायलाच या म्हणावं."

लग्नानंतर माझी आई त्या घरात आलेली नव्हती. कोणी तिला या म्हटलं नव्हतं, आणि मीही म्हणण्याचं धाडस केलं नव्हतं. मीच महिन्यातून एकदा ऑफिस सुटल्यावर तिला मार्केटात भेटून यायचे. आता आमंत्रण आलं होतं, आणि ते आलं होतं माझ्या थापांवर. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. हो म्हणायलाही नव्हतं. मी मार्केटात जाऊन तिला निरोप दिला. तिनं कोयता खाली ठेवला. "जेवायला?" ती म्हणाली. "मना?"

"हो. त्यांना माशांबद्दल जरा विचारायचंय."

तेवढंच सांगितलं. बाकीचं सांगायला जीभ रेटली नाही. ती इतकी हरखली होती की कसले मासे, हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

रविवारी दार उघडलं तर समोर आये, आणि मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. ती पाचवारी साडी नेसली होती. गोल. नायलॉनची, फिकट निळी. माझ्या आईला मी जन्मात लुगड्याशिवाय दुसऱ्या कशात पाहिलं नव्हतं, आमच्या बायका नेसतात तसं, घट्ट, गुडघ्यापर्यंत, चालायला मोकळं. ह्या साडीत तिला पावलं टाकता येत नव्हती. जिना चढताना निऱ्या धरून धरून तिला धाप लागलेली. केसात नेहमीचं भरघोस फूल नव्हतं. हात हातात घेतले तर लिंबाचा वास आला, आणि बोटं घासून घासून लाल झालेली.

मी तिला असं ये म्हणून सांगितलं नव्हतं. शप्पथ घेऊन सांगते, मनातसुद्धा आणलं नव्हतं. तिनं आपलं आपणच ओळखलं होतं. मी सांगितलं असतं तर बरं, मग निदान लाज माझी एकटीची राहिली असती.

सासूबाई चांगलं वागल्या. शिरा केला होता, पाट-रांगोळी केली होती. आये सोफ्याच्या अगदी कडेला बसली. दुकानातून आणलेला पेढ्यांचा पुडा तिनं दोन्ही हातांनी सासूबाईंना दिला. पाचदहा मिनिटं हवापाण्याचं बोलणं झालं. मग सासरे उठले.

"बघा बरं आता तुम्ही. काय चुकतंय आमचं?"

आये टाकीपाशी गेली. वाकली. आत ऑस्कर आणि उरलेसुरले बार्ब. तिनं बराच वेळ पाहिलं, आणि मग मागे वळून गोंधळून हसली.

"मना काय ठावं, भाऊ?"

"म्हणजे?"

"आमाला मेलेलं म्हावरं कळतं. कल्ले लाल हाईत का, डोला चकाकतो का, तेवरंच. जित्तं कोन ठेवतं घरान?" आणि मग माझ्याकडे बघून, अगदी कौतुकानं, "हे कनी आनलं? हिनं? आगो माझे बाय, हिला तं लहानपनापासून म्हावऱ्याचं भ्या. काटा निवडून दिल्याबिगर खायाची नाय. बाजारान यायाला सांगितलं का पोटान दुखायाचं हिच्या!"

ती हसत होती. लेकीच्या लहानपणच्या गोष्टी सांगतेय, एवढंच तिच्या मनात. कोणी तिच्याबरोबर हसलं नाही. सासऱ्यांनी हळूच चष्मा काढला. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. मी भिंतीला टेकून उभी होते.

आयेचं हसू थांबलं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत माझ्यापर्यंत आली, आणि तिला समजलं. काय ते पूर्ण नाही, पण आपण काहीतरी सांडलं एवढं समजलं. मग तिनं ते भरायचा प्रयत्न केला.

"नाय, तवा लहान व्हती," ती घाईघाईनं म्हणाली. "मंग शिकली. समदं शिकली. हिच्या बापासंगं खाडीवर जायाची ना, लय हुशार. हिला समदं ठावं हाय, भाऊ. मीच अडानी."

माझे वडील खाडीवर कधी गेले नाहीत. तिनं माझ्यासाठी खोटं बोलायला सुरुवात केली होती, आणि तिला ते अजिबात जमत नव्हतं. त्यापुढे हळदीकुंकवातला अपमान काहीच नव्हता.

"आये, बस," मी म्हटलं. "बाबा, मला माशातलं काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं. सगळं मनानं सांगितलं."

मग सासूबाई उठल्या. "पानं घेते," त्या म्हणाल्या, आणि आयेच्या दंडाला हात लावून तिला आत घेऊन गेल्या. जेवताना त्यांनी तिला आग्रह करकरून वाढलं. आये मान खाली घालून जेवली आणि निघताना सगळ्यांना पुन्हा पुन्हा नमस्कार करत राहिली. स्टेशनला मी तिला सोडायला गेले. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "मी चुकली काय गो?" मी नाही म्हटलं. नायलॉनच्या निऱ्या उचलून ती गाडीत चढली.

सासरे दोन दिवस बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर ते टाकीसमोर बसलेले. मला म्हणाले, बस.

"मी साताऱ्याकडचा," ते म्हणाले. "ऑफिसात लोक मला विचारायचे, यंदा शाळू कसा आहे? मी सांगायचो, बरा आहे. शाळू कधी पेरतात हे मला आजही माहीत नाही. वडील शाळामास्तर होते आमचे."

मी पर्स मांडीवर घेऊन ऐकत होते.

"त्या दुकानदाराला काहीतरी सांगायचं होतं. मी त्याला सांगू दिलं नाही." ते थांबले. "आणि सगळ्यांदेखत ते असं बोलायला नको होतं मी. तुला कसं वाटलं असेल."

"मला बरंही वाटलं होतं, बाबा," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि ते सांगताना मला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं परत त्या दुकानात गेलो. ह्या वेळी सासरे दारातच म्हणाले, "आम्हाला दोघांनाही काही कळत नाही. पहिल्यापासून सांगा." दुकानदारानं टोमणा मारला नाही. सगळं उलगडून सांगितलं. गोल्डफिशला गार पाणी लागतं आणि एंजलला कोमट, म्हणजे ते एकत्र कधीच सुखी नसतात. बार्ब लांब पंख दिसले की तोडणारच, त्यात त्यांचा दोष नाही. आणि ऑस्कर हा टिकलीएवढा विकला जातो पण वीतभर होतो, आणि त्याच्या तोंडात जे मावतं ते तो खातो. "स्वभाव बघायचा, तोंड बघायचं, पाणी बघायचं," तो म्हणाला. "रंग सगळ्यात शेवटी." सासरे शाळकरी पोरासारखे मान हलवत होते.

बार्ब दुकानदारानं परत घेतले. ऑस्करही घ्यायला तो तयार होता, पण घरी तो विषय निघाला तेव्हा सासूबाई आडव्या आल्या. "तो मला ओळखतो," त्या म्हणाल्या. "मी गेले की येतो. त्याला कुठं टाकता?" ज्या बाईनं टँकच बाहेर काढायला सांगितला होता, तिनंच मोठी पेटी त्या एकट्यासाठी राखून ठेवायला लावली. त्याला कोणाचीच संगत चालणार नव्हती. गप्पी आणि मॉलीसाठी सासऱ्यांनी खिडकीपाशी दुसरी छोटी टाकी केली, आणि ते मासे जगले, वाढले, त्यांना पिल्लं झाली. बिल्डिंगमधल्या लोकांनी विचारलं की सासरे दुकानाचा पत्ता द्यायचे. मला हाक मारायचे नाहीत. माझ्याशी मात्र बोलायचे, माशांशिवायही.

आये त्यानंतर आमच्या बाळाच्या बारशाला घरी आली, पण ते दोन वर्षांनी. मध्ये मी तिला मार्केटातच भेटत राहिले. त्या रविवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी बोलायचं ठरवून जायचे आणि बोंबलाचा भाव विचारून परत यायचे.

असंच एकदा गेले होते. तिच्या शेजारी बसणारी मावशी, मला लहानपणापासून ओळखणारी, मला बघून मोठ्यानं म्हणाली, "काय गो, बरी हास ना? तुझ्या सासऱ्यानं आयेला खास बोलावून नेली व्हती म्हनं, म्हावऱ्याचं इचारायला! सांगत व्हती ना आमाला. बामनाच्या घरान पाटावर बसवून इचारलं, आन हिनं समदं नीट करून दिलं. जगलं काय गो ते म्हावरं?"

आजूबाजूच्या दोनतीन बायकांनीही माना वळवल्या. त्यांनाही ती गोष्ट माहीत होती. मी आयेकडे पाहिलं. ती खाली मान घालून बोंबील साफ करत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण मानेपर्यंत ती लाल झालेली मला दिसली.

"हो मावशी," मी म्हटलं. "आयेनं सांगितलं तसंच केलं. सगळे जगले."

"बघ!" मावशी बाकीच्यांना म्हणाली.

आयेनं बोंबील पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि वर न बघताच माझ्यापुढे केली. सासरच्या घरी ते नेता येणार नाहीत हे तिला माहीत होतं. मी पिशवी घेतली.